गोलपोस्टवर धुणं

‘जगातला प्रत्येक मोठा विजय आधी मैदानाबाहेर जिंकला जातो,’ हे वाक्य क्रीडा व्यवस्थापन शिकवणाऱ्या कॉलेजच्या माहितीपत्रकावर सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. वाचणाऱ्याने नकळत पाठ ताठ करावी असं ते वाक्य होतं. माहितीपत्रक घरी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर राहिलं, आणि लंगडीने, म्हणजे कळपातल्या सर्वांत म्हाताऱ्या मेंढीने, त्याचं पहिलं पान सोनेरी अक्षरांसकट खाल्लं. प्राध्यापकांच्या फोटोंची पानं तिने चाटून पाहिली आणि सोडून दिली.

“बघ,” कुलूपकाका मुलीला म्हणाले, “तिलासुद्धा सगळं पचत नाहीये.”

कुलूपकाकांना आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते फक्त सरकारी कागदांपुरतं उरलं होतं. गावात त्यांना कुलूपच म्हणत. त्यांच्या घरात चोरण्यासारखं काही नव्हतं, तरी दाराला कुलूप होतं. कुलपाला किल्ली होती आणि ती कुठे ठेवली आहे हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. कधी कधी त्यांना स्वतःलाही आठवत नसे. मग सगळं घर ओट्यावर बसून राही. कोणी औषध दिलं तर ते आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. कोणी त्यांची स्तुती केली तर त्या दिवशी ते मेंढ्या पुन्हा मोजून घेत.

आणि गायरानाचं फाटक. फाटकाच्या बाबतीत ते कोणाचंही ऐकून घेत नसत. ये-जा करणाऱ्या माणसाने फाटक लावलं तरी ते मागून जाऊन कडी हलवून बघत, चार पावलं परत येत, आणि पुन्हा जाऊन हलवत. माणूस कसा आहे हे बोलण्यावरून कळत नाही, फाटकावरून कळतं, असं त्यांचं मत होतं. आणि त्या हिशेबाने अख्ख्या गावात धड माणूस एकही नव्हता.

“हे स्पोर्ट्स मॅनेजमेंट म्हणजे नक्की करायचं काय?” त्यांनी विचारलं. एका मेंढीला ढुंगणावर बसवून, तिची पाठ गुडघ्यांत दाबून ते तिचे खूर कोरत होते. कुजलेल्या खुराचा वास ओट्यापर्यंत येत होता.

“खेळ नीट चालावा म्हणून जे लागतं ते सगळं बघायचं,” मुलगी म्हणाली. “मैदान, वेळापत्रक, खेळाडू, प्रेक्षक.”

“चेंडू टाकला की खेळ चालतो.”

“आणि चेंडू विहिरीत गेला की?”

“दुसरा आणायचा.”

“तो आधीच कोणी आणून ठेवायचा, बाबा? तेच व्यवस्थापन.”

काकांनी एक खूर सोडला, दुसरा धरला. “म्हणजे चेंडू आणून ठेवायला तीन वर्षं कॉलेज.”

मुलीला गाव शिट्टी म्हणत असे, कारण तिच्या गळ्यात कायम पितळी शिट्टी असायची. ती शिट्टी उगाच आलेली नव्हती. दूध डेअरीच्या मागे गायरान होतं. डेअरीत डबे धुतलेलं पाणी पाटाने तिथे उतरे, म्हणून आसपास सगळीकडे धूळ उडाली तरी तेवढा तुकडा हिरवा राही. त्या हिरव्यावर काकांच्या मेंढ्या चरत आणि त्याच हिरव्यावर गावाचा फुटबॉल संघ खेळे. संघ म्हणे, लेंड्यांवरून पाय घसरतो. काका म्हणत, तुमच्या बुटांनी गवताची मुळं उपटतात. कित्येक वर्षं हे भांडण चाललं होतं. दोन्ही बाजूंना त्याची सवय झाली होती, आणि ते मिटलं तर संध्याकाळी करायचं काय असा प्रश्न होता.

ते शिट्टीने मिटवलं. शाळा संपली त्या वर्षी तिने ठरवून दिलं: उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत मेंढ्या. मग ती टोपली आणि खराटा घेऊन लेंड्या गोळा करायची आणि त्या भाजीच्या वाफ्यात टाकायची. दुपारभर गवताला विश्रांती. संध्याकाळी खेळ. गवत कापायला यंत्र लागत नसे. मेंढ्या ते असं खात की जमिनीवर हात फिरवावासा वाटे. मैदानाच्या रेषा आधी चुन्याच्या असत, पण चुन्याने मेंढ्यांची तोंडं पोळली, म्हणून तिने चुलीतल्या राखेच्या आखल्या. एक शिट्टी वाजली की मेंढ्यांनी बाहेर पडायचं, दोन वाजल्या की खेळ सुरू. मेंढ्या हे थोड्याच दिवसांत शिकल्या. संघाला मात्र फाटक लावायचं अजून शिकवणं चालू होतं.

हे सगळं तिने कॉलेजच्या अर्जात लिहिलं. शेवटच्या पानावर विचारलं होतं, एखाद्या क्रीडासंस्थेत इंटर्नशिप केली आहे का. म्हणून तिने बस जाते तिथपर्यंतच्या सगळ्या क्लबांना पत्रं पाठवली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने ‘प्रिय महोदय’ म्हणून शुभेच्छा दिल्या. शहरातल्या एका क्लबाने मात्र कळवलं, की ये.

“पगार किती?” काकांनी विचारलं.

“नाही.”

“जेवण?”

“डबा न्यायचा.”

“आणि त्यासाठी तू अर्ज केलास.”

“बऱ्याच जणांना मिळत नाही, बाबा. निवड करतात.”

काका बायकोकडे वळून म्हणाले, “ऐकलंस का? फुकट राबायला निवड करतात. मी जन्मभर फुकट राबलो, पण मला कधी कोणी अर्ज मागितला नाही.”

“अर्ज केला होतात की,” काकू दाण्यांतले खडे निवडत म्हणाल्या. “माझ्या वडिलांकडे. त्यांनी नीट वाचला नाही, एवढंच.”

त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला. टेकडीवरचं गवत आधी पिवळं झालं, मग राखाडी, आणि मग दगडच उरले. विहिरीत बादली सोडली की तळाला आपटल्याचा आवाज येई. मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवला की मणके बोटांना लागत. अशातच कचेरीतून फर्मान आलं, की सार्वजनिक जमिनींवरची चराई पुढील आदेशापर्यंत बंद. जनावर सापडलं तर कोंडवाड्यात. शिपायाने कागद डेअरीच्या भिंतीवर चिकटवला. काकांनी तो नीट वाचला. मग मागच्या बाजूला काही लिहिलंय का ते बघायला थोडा उचकटूनही पाहिला.

कोंडवाडा म्हणजे चार भिंती. वर छप्पर नाही, खाली गवत नाही, पाणी शिपायाला आठवेल तेव्हा. शेजारच्या वाडीतल्या एकाचा कळप तिथे गेला तो असाच: लोकर विकत घ्यायची म्हणून एक गोड बोलणारा माणूस आला, मेंढ्या कुठे चरतात ते हसत हसत विचारून गेला, आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन परत आला. कळप सुटून आला तेव्हा त्यातल्या म्हाताऱ्या मेंढ्या आल्याच नाहीत.

“त्या लोकरवाल्याकडे तराजू नव्हता,” काका सगळ्यांना सांगत. “मी असतो तर तिथेच ओळखलं असतं.”

काका आणि टायरवाला यांचं पहिल्यांदा एकमत झालं ते ह्या संकटात. टायरवाला म्हणजे संघाचा कप्तान आणि गोलकीपर. वळणावर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. मेंढ्या गेल्या तर गवत कोण खाणार, आणि गवत गुडघाभर वाढलं तर खेळणार कुठे, हे त्याला पटलं होतं. ठरलं ते असं: रस्त्याने अनोळखी माणूस दिसला की त्याने जुन्या रिमवर पाना आपटायचा. आवाज आला की काकांनी मेंढ्या खेळाडूंच्या कपडे बदलायच्या पत्र्याच्या खोलीत घालून कुलूप लावायचं. काकूंनी गोलपोस्टवर धुणं टाकायचं. आणि कोणी काहीही विचारलं तरी गावाने काहीही सांगायचं नाही. हा शेवटचा भाग गावाला सर्वांत सोपा गेला.

शिट्टीला ह्यातलं फार ठाऊक नव्हतं. आठवड्यातले काही दिवस ती पहाटे रेषा आखून पहिल्या बसने शहरात जाई आणि उशिरा परत येई.

ती तिथे काय करते हा प्रश्न काकांना खाऊ लागला. विचारलं की ती सांगे, “मोजे.” आणखी विचारलं की सांगे, “बाटल्या.” मोजे आणि बाटल्या एवढ्यासाठी कोणी माणूस निवडून घेत नाही, हे उघड होतं. एक दिवस बाजारात जातो असं सांगून ते तिच्यानंतरच्या बसने गेले.

क्लबाच्या मागच्या कुंपणापाशी ते आत डोकावून बघत होते, एवढ्यात गळ्यात टाय घातलेला एक माणूस तरातरा आला. ते क्लबाचे सेक्रेटरी होते.

“आता उगवतोयस होय,” सेक्रेटरी म्हणाले. “सकाळपासून वाट बघतोय. ती बाकं उचल, सगळी त्या बाजूला न्यायची.”

मी मुलीवर पाळत ठेवायला आलोय असं सांगण्यापेक्षा बाक उचलणं सोपं होतं. काकांनी बाक उचललं. बाकं लोखंडी होती आणि उन्हाने तापली होती. हाताला चटका बसला की ते ती मांडीवर टेकवत, मग मांडीला बसे. सेक्रेटरी सावलीत उभे राहून “सरळ रांग हवी” म्हणत होते. अशा रीतीने त्या दिवशी कुलूपकाकांचीही इंटर्नशिप झाली, तीही अर्ज न करता.

शेवटची बाकं एका उघड्या खिडकीखाली ठेवायची होती. आत मोज्यांचा डोंगर होता आणि त्याच्यापुढे शिट्टी बसली होती. दोन दोन मोजे जुळवून ती गुंडाळत होती. आणखी दोनचार पोरंपोरी होत्या, शहरातल्याच असाव्यात.

“तुझे वडील काय करतात गं?” एकाने विचारलं.

“मेंढ्या राखतात,” शिट्टी म्हणाली.

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी.

“आणि मैदान,” ती म्हणाली. तिने मान वर केली नाही. “ह्यात एक डाव्या पायाचा उरतोय, बघा तुमच्याकडे गेलाय का.”

काका वाकून खिडकीखालून निघून गेले. बसमध्ये हात चोळत ते विचार करत होते. पोरगी अजून खोटं बोलायला शिकलेली नाही. अशा पोरीचं शहरात व्हायचं कसं. घरी काकूंनी विचारलं, “बाजारातून काय आणलंत?” तर म्हणाले, “सगळं खराब होतं.” हाताच्या फोडांवर काकूंनी तेल लावलं आणि पुढे काही विचारलं नाही.

मग तो दिवस आला. ऊन चढत होतं, मेंढ्या अजून मैदानात होत्या, आणि वळणावर रिम खणखणली.

काकांनी कळप पत्र्याच्या खोलीत कोंबला. लंगडी दारात अडून बसली, तिला उचलून आत टाकली. कुलूप घातलं. काकू ओल्या चादरींची टोपली घेऊन धावत आल्या. दुसऱ्या टोकाच्या गोलवर टायरवाल्याच्या घरचं धुणं चढलं. टायरवाला स्वतः पायाने राखेच्या रेषा विस्कटत काकांपाशी येऊन उभा राहिला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण जर्सी घातली आहे आणि पाठीवर भलामोठा आकडा आहे. म्हणून तो पाहुण्याकडे तोंड करून उभा राहिला.

पाहुणा हातात बॅग घेऊन लंगडत येत होता. नवे बूट चावत असावेत. त्याने फाटक उघडलं, आत आला, आणि फाटक तसंच उघडं टाकलं.

काकांच्या लेखी निकाल तिथेच लागला.

“नमस्कार. फुटबॉलचं मैदान ते हेच ना?”

“फुटबॉल,” काकांनी शब्द तोंडात घोळवून पाहिला.

“खेळ असतो तो,” टायरवाल्याने मदत केली. “शहरात खेळतात. ऐकून आहोत आम्ही.”

पाहुणा चालत पुढे गेला. टायरवाला त्याच्याकडे तोंड ठेवून वळत राहिला.

“मग हे खांब कशाला?”

“धुणं वाळत घालायला,” काकू म्हणाल्या.

“दोन्ही टोकांना?”

“आमचं त्यांचं पटत नाही,” काकूंनी पलीकडच्या धुण्याकडे हनुवटी उडवली.

पाहुण्याने हिरव्या गवतावरून नजर फिरवली. “आणि इथे मेंढ्या चरतात त्या?”

“कुठल्या मेंढ्या?”

“तसं लिहिलंय.” त्याने बॅगेतून कागद काढले. “सकाळी मेंढ्या, संध्याकाळी खेळ. तुमच्या मुलीने लिहिलंय ना हे?”

काकांनी कागदाकडे बघितलं. अक्षर तिचंच होतं. म्हणजे कचेरीला सगळा मोसम हिंडून जे सापडलं नव्हतं ते कॉलेजच्या नावाखाली पोरीकडूनच लिहवून घेतलं होतं. सोनेरी अक्षरं कशाला होती ते आता त्यांना कळलं. पोरगी आहे म्हटलं की तिचं लिहिणं खरं, आणि लिहिणं खरं म्हटलं की मेंढ्या गेल्या.

“मला मुलगी नाही,” काका म्हणाले.

काकू चादर पिळत होत्या. हात पिळता पिळता थांबले आणि पाणी त्यांच्या पायांवर ठिबकत राहिलं.

“नाहीच ह्यांना,” टायरवाला म्हणाला. “आम्ही लहानपणापासून बघतोय.”

पत्र्याच्या खोलीतून कोणीतरी बें केलं.

“हे काय?” पाहुण्याने विचारलं.

“पत्रा,” काका म्हणाले. “ऊन लागलं की वाजतो.”

पुन्हा बें झालं, ह्या वेळी तिघीचौघींचं.

“आज ऊन जास्त आहे.”

पाहुणा पाण्याच्या रिकाम्या डोणीच्या काठावर टेकला आणि त्याने एक बूट काढला. टाच सोलून निघाली होती. “मी कॉलेजातून आलोय,” तो म्हणाला.

“असं होय,” काका म्हणाले. “मागचे लोकर घ्यायला आले होते.”

पाहुण्याला काही उमगलं नाही. “मागच्या वर्षी एका मुलाने लिहिलं होतं, मी स्टेडियम चालवतो,” तो टाचेवर फुंकर घालत म्हणाला. “आम्ही विश्वास ठेवला. ते गाड्या उभ्या करायचं आवार निघालं. ह्या मुलीचा अर्ज वाचून तर समितीतले काही जण हसलेच. मेंढ्या शिट्टी ऐकतात म्हणे. म्हणून म्हटलं, न कळवता जाऊन बघू. कळवून गेलं की लोक तयारी करून ठेवतात.”

“लबाड असतात लोक,” काका अगदी मनापासून म्हणाले.

पाहुण्याने खिशातून पेन काढलं. “म्हणजे मैदान नाही, संघ नाही, मेंढ्या नाहीत आणि मुलगीही नाही.”

“नाही,” सगळे समाधानाने म्हणाले.

त्याने अर्जावर पेन टेकवलं, आणि तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

“बाबा, फाटक कोणी उघडं टाकलं?” शिट्टीने विचारलं. त्या दिवशी क्लबात सामना नव्हता, म्हणून ती लगेचच्या बसने परतली होती. तिने कडी ओढून घेतली, हलवून पाहिली आणि चालत आली.

पाहुण्याचं पेन अर्जावरच थांबलं.

“ही कोण?” पाहुण्याने विचारलं.

“पाहुणी,” टायरवाला म्हणाला. तो आता रंगात आला होता.

शिट्टीने गोलवरच्या चादरी बघितल्या. पहाटे आखलेल्या रेषांची झालेली दशा बघितली. पत्र्याच्या खोलीचं कुलूप बघितलं, मग पाहुण्याच्या हातातलं स्वतःचं अक्षर आणि त्यावर टेकलेलं पेन.

“तुम्ही कॉलेजचे सर,” ती म्हणाली.

“आणि तू?”

तिने वडिलांकडे बघितलं. “मी कोण ते ह्यांना विचारा.”

काकांनी तिला कोपराला धरून चादरींच्या आड नेलं. “अगं, कचेरीचा माणूस आहे. फाटक उघडं टाकून आला.”

“फाटक सगळेच उघडं टाकतात, बाबा.”

“तेच म्हणतोय मी.”

“हे बघा,” ती हळू आवाजात म्हणाली. “कचेरीचा असला तर मेंढ्या जातील. कॉलेजचा असला तर माझं कॉलेज जाईल. मी शिट्टी वाजवली तर त्या दार तोडून बाहेर येतील, पण मी वाजवणार नाही. कुलूप तुम्ही लावलंय, तुम्हीच ठरवा.” आणि तिने गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

वाऱ्याने ओली चादर काकांच्या तोंडावर आली आणि चिकटली. ती बाजूला सारेपर्यंत त्यांना कोंडवाड्याच्या भिंती दिसल्या आणि त्यांच्या तापलेल्या कडेला पडलेली लंगडी दिसली. मग तळहातावरचे वाळलेले फोड दिसले. खिडकीपलीकडे लोक हसत होते तरी पोरीने सरळ सांगितलं होतं, माझे वडील मेंढ्या राखतात. तिला तेव्हा वडील नाहीत असं म्हणता आलं असतं. खिडकीखाली कोणी आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

काका चादरींतून बाहेर आले आणि पत्र्याच्या खोलीकडे चालू लागले. दारापाशी त्यांनी खिसे चाचपले. बंडीचा खिसा चाचपला. टोपी काढून आत बघितलं. आतून मेंढ्यांनी दाराला डोकी मारायला सुरुवात केली.

“काका,” टायरवाला दबक्या आवाजात म्हणाला, “अहो, पत्रा आहे ना तो?”

“गप्प बस.” त्यांनी बूट काढून झटकले. किल्ली नव्हती.

काकूंनी टोपली खाली ठेवली, हात पुसले, सावकाश चालत डोणीपाशी गेल्या, पाहुण्याला “जरा पाय उचला” म्हणाल्या आणि त्याच्या पायाखालच्या विटेमागून किल्ली काढून आणली.

काका बघतच राहिले. “तुला कसं माहीत?”

“लग्न झाल्यापासून माहीत आहे,” काकू म्हणाल्या. “तुम्ही जागा बदलता, विटा तेवढ्याच आहेत. उघडा आता. गुदमरतील त्या.”

कुलूप निघालं. उकाड्याने अर्धमेल्या झालेल्या मेंढ्या एकमेकींवर चढत बाहेर पडल्या आणि कोणाकडेही न बघता गवताला लागल्या. सगळ्यांत शेवटी लंगडी आली. तिच्या तोंडात कोणाचा तरी मोजा होता.

पाहुणा एका पायात बूट आणि एका हातात बूट असा उभा राहिला.

शिट्टीने खिशातली शिट्टी काढून एकदा वाजवली. माना वर झाल्या. एक क्षण काहीच झालं नाही, आणि काकांना वाटलं, आता हसं होणार. मग पुढची मेंढी वळली, तिच्यामागे दुसरी, आणि सगळा कळप कडेकडेने फाटकापाशी जाऊन उभा राहिला. फाटक बंद होतं. शिट्टीने खोलीतून टोपली आणि खराटा काढला आणि लेंड्या गोळा करायला घेतल्या, कारण ती वेळ झाली होती. टायरवाल्याने गोलवरच्या चादरी उतरवल्या. त्या उतरवताना त्याला पाठ फिरवावी लागली.

“गोलकीपर?” पाहुण्याने विचारलं.

“कधीमधी,” टायरवाला म्हणाला.

पाहुण्याने गवतावर हात टेकवून बघितलं. राखेबद्दल विचारलं, चुन्याचं काय झालं ते विचारलं. शिट्टी झाडता झाडता उत्तरं देत होती. तो बराच वेळ लिहीत होता. काका त्याच्या पेनाकडे बघत उभे होते.

“गाडी कधी आणणार?” त्यांनी शेवटी विचारलं.

“कसली गाडी?”

“कोंडवाड्याची.”

“अहो, मी कॉलेजचा आहे.” पाहुण्याने ओळखपत्र काढून दिलं. काकांनी ते उलटसुलट करून बघितलं, नखाने खरवडलं आणि परत दिलं. “छापता येतं,” ते म्हणाले. पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

“इथे पालकांचं काय लिहू?” पाहुण्याने अर्ज पुढे धरला. “मघाशी म्हणालात, मुलगी नाही.”

“आहे,” काका म्हणाले. खराट्याचा आवाज थांबला होता. “मघाशी तुमच्यावर विश्वास नव्हता.”

“आणि आता?”

काकांनी ह्यावर खरोखरच विचार केला. मग ओळखपत्र पुन्हा मागून घेतलं आणि आणखी एकदा नखाने खरवडलं.

पाहुण्याने कागद बॅगेत घातले, बूट चढवला, ओठ चावून उभा राहिला आणि समितीपुढे बोलावं तसा बोलू लागला. आपण अनेक मैदानं पाहिली. पण व्यवस्थापन म्हणजे काय हे आपण विद्यार्थ्यांना जे शिकवतो ते आज ह्या गवतावर डोळ्यांनी बघितलं. मुलीला घ्यायला आता कोणी हरकत घेणार नाही, घेतली तर आपण आहोत. पत्र येईल. पुढच्या महिन्यात तिने यायचं, राहायची सोय तिथेच आहे. आणि जगातला प्रत्येक मोठा विजय, तो मैदानावर हात फिरवून म्हणाला, आधी मैदानाबाहेर जिंकला जातो.

“ऐकलंय हे आम्ही,” काका लंगडीकडे बघत म्हणाले.

काकू एकदम खाली बसून चादरींच्या घड्या घालू लागल्या. चादरी अजून ओल्याच होत्या. शिट्टी टोपली कमरेवर घेऊन उभी होती. पुढच्या महिन्यापासून पहाटे राख कोण टाकणार, लेंड्या कोण भरणार, शिट्टी कोण वाजवणार, आणि आपण वाजवली तर ह्या मेंढ्या ऐकतील का, हे सगळं काकांच्या मनात एकदम आलं. वाट अडवून उभ्या असलेल्या मेंढ्यांतून पाहुणा “सरका, सरका” करत निघाला होता. सवयीने काकांचा पाय त्याच्यामागे जायला उचलला गेला. पण लंगडी तोंडातला मोजा टाकून त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली होती. ते हलले असते तर ती पडली असती.

त्यांनी उचललेला पाय खाली ठेवला.

“साहेब,” त्यांनी हाक मारली. पाहुणा वळला.

“जाताना तेवढं फाटक लावून घ्या.”